संदेशाच्या वाटेचा शोध

जुन्या टपालाचें एक वैशिष्ट्य होतें. पत्र ज्या ज्या कचेरींतून जाई, त्यांतील पुष्कळ ठिकाणचा शिक्का त्याच्या पाठीवर उमटे. रत्नागिरीस टाकलेलें पत्र पत्ता चुकून नागपुरास गेलें, तेथून मागें फिरलें आणि अखेर सोलापुरास पोंचलें, तर तो सारा प्रवास पाकिटाच्या पाठीवर वाचतां येई. पत्र उशिरा कां आलें, कोणत्या कचेरींत किती दिवस पडून राहिलें, याचा जाब त्या शिक्क्यांच्या आधारें मागतां येत असे. आतां जो संदेश संगणकावरून किंवा हातांतील फोनवरून निघून क्षणार्धांत जगाच्या दुसऱ्या टोकास जातो, त्याच्या पाठीवर असा एकहि शिक्का नसतो. तो पोंचतो, एवढें खरें. परंतु तो कोणत्या वाटेनें गेला, किती नाकीं ओलांडून गेला, कोणत्या देशाच्या भूमीवरून गेला, हें पाठविणाऱ्यास ठाऊक नसतें आणि घेणाऱ्यासहि ठाऊक नसतें. याहूनहि आश्चर्याची गोष्ट ही कीं, ज्या जाळ्यांतून तो गेला, त्या जाळ्यांतील कोणत्याहि एका यंत्रास ती संपूर्ण वाट माहीत नसते.

ही वाट शोधून काढण्याची जी युक्ति आज जगभर वापरांत आहे, तिचें नांव ट्रेसरूट. तिचें सर्वत्र पसरलेलें रूप १९८८ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे तो एवढ्यासाठीं कीं, ती कोणत्याहि नव्या यंत्रामुळें साधलेली नाहीं. भटकलेल्या संदेशाचा नाश करण्याकरितां जो नियम सात वर्षें आधीं घालून दिलेला होता, त्या नियमासच एका मनुष्यानें वाट दाखवावयास लाविलें.

वाट कोणासच ठाऊक नसावी, ही इंटरनेटच्या रचनेंतील उणीव नव्हे. ती मुळांत योजून केलेली गोष्ट आहे. जुन्या दूरध्वनीच्या पद्धतींत दोन माणसांचें बोलणें सुरू होण्यापूर्वीं त्यांच्यामध्यें एक सलग तारमार्ग जोडून द्यावा लागे आणि बोलणें संपेपर्यंत तो मार्ग त्या दोघांसाठींच राखून ठेवावा लागे. मधली एखादी मुख्य कचेरी बंद पडली, तर तिच्यावर अवलंबून असलेले सारे मार्ग एकदम मुके होत. अणुयुद्धाच्या भीतीच्या त्या काळांत अमेरिकेंतील रँड या संस्थेंतील पॉल बॅरन यानें या दुबळेपणाचा विचार केला आणि १९६४ सालीं आपली योजना सविस्तर प्रसिद्ध केली. जाळ्यास मध्यवर्ती कचेरी असूंच नये. प्रत्येक नाकें आजूबाजूच्या अनेक नाक्यांशीं जोडलेलें असावें. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत. आणि तुकडा हातीं येतांच, तळहातावर निखारा पडावा तसा, तो तत्काळ पुढच्या सोयीच्या नाक्याकडे टाकून द्यावा, अशी ती योजना होती. इंग्लंडांतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत डोनल्ड डेव्हिस हाहि स्वतंत्रपणें त्याच विचारापर्यंत आला. त्या तुकड्यास ‘पॅकेट’ हें नांव त्यानें दिलें. मराठींत त्यास ‘पाकीट’ म्हणण्यास कोणतीच हरकत नसावी. कारण प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो, आणि आंत मजकुराचा थोडासा भाग असतो.

या विचारावर उभारलेलें पहिलें मोठें जाळें म्हणजे आर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं रात्रीं लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विश्वविद्यालयांतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. त्याचीं पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडील संगणक बंद पडला. सुमारें एका तासानें दुसरा प्रयत्न सफल झाला. त्या वर्षाच्या अखेरीस या जाळ्यांत अवघीं चार ठिकाणें होतीं. चार गांवांच्या मुलुखांत वाट कोठून जाते हें विचारण्याची आवश्यकता नसते. जाळें वाढत गेलें, एका जाळ्यास दुसरीं जाळीं जोडलीं जाऊं लागलीं, तेव्हां मात्र हा प्रश्न उभा राहिला.

या पद्धतींत प्रत्येक नाकें, ज्यास आज राऊटर म्हणतात, फक्त पुढचें पाऊल जाणतें. पंढरीच्या वाटेस लागलेला परका वाटसरू प्रत्येक गांवच्या पारावर पुढच्या गांवची वाट विचारतो. पारावरचा म्हातारा त्याला पंढरपुरापर्यंतचा सगळा रस्ता सांगत बसत नाहीं. ओढ्यापलीकडे डावीकडे वळा, एवढेंच सांगतो. पाकिटाचा प्रवास याच रीतीनें होतो. प्रत्येक नाक्यापाशीं एक कोष्टक असतें. अमुक दिशेचीं पाकिटें अमुक शेजाऱ्याकडे द्यावींत, इतकेंच त्यांत लिहिलेलें असतें. शेजारी बंद पडला, तर कोष्टक बदलतें आणि पाकीट दुसऱ्या वाटेनें जाऊं लागतें. सकाळीं गेलेल्या पाकिटाची वाट आणि दुपारीं गेलेल्या पाकिटाची वाट एकच असेल, असा नेम नसतो.

या स्वातंत्र्यांत एक धोका दडलेला होता. समजा, एका नाक्याच्या कोष्टकांत चूक झाली. पहिलें नाकें म्हणतें, हें पाकीट दुसऱ्याकडे जावें. दुसरें म्हणतें, पहिल्याकडे जावें. मग तें बिचारें पाकीट दोघांच्या मध्यें चेंडूसारखें उडत राहणार, आणि त्यास अंत नाहीं. अशीं सहस्रावधि पाकिटें फिरत राहिलीं, तर तारा त्यांनींच भरून जातील व नीट वाटेनें जाणाऱ्या पाकिटांस जागा उरणार नाहीं. यास्तव सप्टेंबर १९८१ मध्यें इंटरनेटचे जे मूळ नियम जॉन पोस्टेल याच्या संपादनाखालीं प्रसिद्ध झाले, त्यांत प्रत्येक पाकिटाच्या कपाळीं एक आंकडा लिहिण्याची तरतूद केलेली होती. त्या आंकड्यास नांव दिलें तें ‘जगण्याची मुदत’ या अर्थाचें. मराठींत त्यास आयुर्मर्यादा म्हणतां येईल.

ही आयुर्मर्यादा अधिकांत अधिक २५५ असूं शकते. नियमांत ती सेकंदांत मोजावी असें म्हटलें होतें. परंतु त्याचबरोबर असेंहि म्हटलें होतें कीं, पाकीट हाताळणाऱ्या प्रत्येक नाक्यानें तो आंकडा निदान एकानें तरी कमी केलाच पाहिजे. पाकीट नाक्यांत सेकंदाचा अल्पसा अंशच थांबत असल्यामुळें व्यवहारांत सेकंद राहिले बाजूला, आणि तो आंकडा नाकीं मोजण्याचा आंकडा झाला. आंकडा शून्यावर आला कीं ज्या नाक्याच्या हातीं पाकीट असेल त्यानें तें नष्ट करावें, आणि त्याची वार्ता मूळ धाडणाऱ्यास कळवावी, अशी ही व्यवस्था होती. नष्ट करणें सक्तीचें होतें. वार्ता कळविणें त्या वेळीं नाक्याच्या मर्जीवर सोपविलेलें होतें. वार्तेच्या पत्रावर तें धाडणाऱ्या नाक्याचा पत्ता अर्थातच असे. शिवाय मृत पाकिटाच्या माथ्यावरचा मजकूर आणि आंतील पहिलीं ६४ चिन्हें सोबत जोडावींत, म्हणजे आपलें कोणतें पाकीट गेलें हें धाडणाऱ्यास ओळखतां यावें, असाहि नियम होता. हें करतांना कोणाच्या मनांत वाटेचा शोध घेण्याचा विचार होता असें दिसत नाहीं.

१ जानेवारी १९८३ रोजीं सारें आर्पानेट या नव्या नियमांवर आलें. वाटेची नोंद ठेवण्याची एक सोय नियमांत आधींच केलेली होती, आणि ती थेट टपालाच्या शिक्क्यासारखी होती. पाकिटाच्या माथ्यावर थोडी मोकळी जागा ठेवावी आणि प्रत्येक नाक्यानें तेथें आपला पत्ता लिहावा, अशी ती रीत. परंतु त्या जागेंत नऊच पत्ते मावत. नवव्या नाक्यानंतरची वाट कोरीच राही, आणि कित्येक नाकीं ही विनंति मनावरच घेत नसत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत माइक मूस या अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेंतील संशोधकानें ‘पिंग’ नांवाची एक लहानशी आज्ञावली लिहिली. पाणबुडीच्या शोधार्थ सोडलेला ध्वनि आदळून परत येतो, त्याच्या आवाजावरून हें नांव पडलें. पिंगनें दूरच्या संगणकास हांक मारावी आणि ‘ओ’ येण्यास किती वेळ लागला तें मोजावें. पलीकडचा जिवंत आहे कीं नाहीं हें त्यावरून कळे. परंतु उत्तर आलें नाहीं, तर दोष कोणाचा? पलीकडचा संगणक मेला, कीं मधल्या वीस नाक्यांपैकीं एखादें नाकें बिघडलें? या प्रश्नास पिंगपाशीं उत्तर नव्हतें.

हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता, हें १९८६ च्या ऑक्टोबरांत दिसून आलें. कॅलिफोर्नियांत बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळा आणि तेथील विश्वविद्यालय यांत अवघें ४०० यार्डांचें अंतर. त्या दोहोंमधील जाळ्याचा वेग एका सेकंदास ३२,००० चिन्हांवरून एकाएकीं ४० चिन्हांवर उतरला. दोन हजार अक्षरांचें जें पान अर्ध्या सेकंदांत जाई, त्यास आतां जवळजवळ सात मिनिटें लागूं लागलीं. एवढ्या वेळांत मनुष्य तें पान हातांत घेऊन पायीं चालत पलीकडे नेऊन देऊं शकला असता. त्या प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन यानें मायकेल कॅरेल्स याच्या साह्यानें या कोंडीचें कारण हुडकून काढलें. पाकिटें गहाळ झालीं कीं संगणक तीं पुन्हा पुन्हा, तितक्याच घाईनें पाठवीत आणि गर्दींत भर घालीत. अडथळा दिसतांच हात आखडता घ्यावा, ही जी शिस्त जेकबसननें संगणकांस लावून दिली, तिच्यामुळें इंटरनेट कोलमडण्यापासून वांचलें. १९८८ सालीं त्याचा तो निबंध प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस हाच जेकबसन दुसऱ्या एका बिघाडाचा माग काढीत होता. पाकिटें भलत्याच वाटेनें जात होतीं, आणि ती वाट कोणती हें पाहण्यास साधन नव्हतें. स्टीव्ह डिअरिंग या शास्त्रज्ञानें सुचविलेली एक कल्पना त्यास ठाऊक होती. ती घेऊन तो कामास बसला. ४८ तास झोंप न घेतां केलेल्या खटपटींतून ती आज्ञावली हातीं आली, आणि ती चालली याचेंच आपणांस नवल वाटलें, अशा आशयाची टीप त्यानें तिच्या मजकुरांतच लिहून ठेविली आहे. टिपेखालीं तारीख आहे २० डिसेंबर १९८८ ची, आणि वेळ पहाटे ३ वाजून ५० मिनिटांची.

ती कल्पना सांगितली असतां शाळेंतल्या मुलासहि समजेल इतकी सोपी आहे. ज्या ठिकाणाची वाट हवी आहे, त्या पत्त्यावर एक पाकीट सोडावें आणि त्याची आयुर्मर्यादा मुद्दाम १ ठेवावी. पहिल्याच नाक्यावर ती शून्य होते. तें नाकें पाकीट नष्ट करतें आणि निधनाची वार्ता परत धाडतें. त्या वार्तेवरील पत्ता म्हणजेच वाटेवरील पहिल्या नाक्याचा पत्ता. मग आयुर्मर्यादा २ ठेवून दुसरें पाकीट सोडावें. तें दुसऱ्या नाक्यावर मरतें आणि दुसऱ्याचा पत्ता हातीं येतो. पुढें ३, ४, ५ असें करीत जावें. प्रत्येक टप्प्यास तीन तीन पाकिटें सोडावींत आणि वार्ता येण्यास किती वेळ लागला तें प्रत्येकापुढें मांडावें. असें करतां करतां कोठून कोठें जावें लागलें याची यादी नाक्यामागून नाकें आपोआप तयार होते.

एक अडचण मात्र उरते. पाकीट अखेरच्या ठिकाणीं पोंचलें म्हणजे तें आयुष्य संपून मरत नाहीं. मग तेथून वार्ता यावी कशी? यावरील तोडगाहि मोठा मार्मिक होता. प्रत्येक संगणकास क्रमांक घातलेलीं हजारों दारें असतात. कांहीं दारीं पत्रें घेतलीं जातात, कांहीं टपालाचीं, कांहीं चित्रांचीं असतात, आणि बहुतेक दारें बंद असतात. जेकबसननें ३३,४३४ पासून पुढच्या क्रमांकांचीं दारें निवडलीं. तेथें सहसा कोणीच बसलेलें नसतें. त्या दारावर पाकीट आलें कीं, या नांवाचें येथें कोणी राहत नाहीं, असें उत्तर संगणकाकडून येतें. हें उत्तर मृत्युवार्तेहून निराळें असल्यामुळें प्रवास संपल्याची खूण पटते. वाटेवरच्या नाक्यांनीं कळविलेलें अपयश आणि शेवटच्या घरानें दिलेला नकार, यांखेरीज या साऱ्या शोधास दुसरें कसलेंहि साहित्य लागत नाहीं.

या साधनानें आरंभींच एक विलक्षण दोष उजेडांत आणला. जेकबसननें सोबतच्या माहितीपत्रकांत त्याचें उदाहरण दिलें आहे. एका यादींत पहिलीं सहा नाकीं नीट उमटलीं. पुढच्या सहा ओळी निरुत्तर, तेथें नुसत्या तारका. आणि तेराव्या ओळीवर अखेरचा संगणक. वाटेचा बरोबर उत्तरार्ध तेवढा नाहींसा झाला होता. वस्तुतः तो संगणक सातव्याच टप्प्यावर होता. परंतु उत्तर धाडतांना नवी आयुर्मर्यादा लिहिण्याऐवजीं, आलेल्या पाकिटांत जें आयुष्य शिल्लक असेल तेंच तो आपल्या उत्तरावर लिही. साहजिकच उत्तर घरीं येण्यापूर्वींच वाटेंत मरे. अशा वार्तापत्राच्या मृत्यूची वार्ता कोणी कोणास कळवूं नये असा नियम आहे; नाहीं तर सुतकाचें सुतक कधीं संपलेंच नसतें. म्हणून धाडणाऱ्यास कांहींच कळत नसे. १३ चें आयुष्य घेऊन निघालेलें पाकीट जेव्हां सात शिल्लक ठेवून तेथें पोंचलें, तेव्हां कोठें त्याचें उत्तर सात टप्पे चालून घरीं आलें. तारका दिसली म्हणजे नाकें नाहीं असें समजूं नये, हा धडा या साधनानें पहिल्यापासूनच शिकविला.

त्यानंतर वाटेचा अभ्यास हें एक शास्त्रच झालें. व्हर्न पॅक्सन या संशोधकानें १९९४ व १९९५ च्या अखेरीस ३७ ठिकाणांच्या दरम्यान या रीतीनें ४०,००० वाटा मोजल्या. जातांनाची वाट आणि येतांनाची वाट यांत निदान एका शहराचा तरी फरक आहे, असें १९९५ च्या मोजणींत निम्म्या वेळां आढळलें. म्हणजे ज्या वाटेनें प्रश्न गेला त्याच वाटेनें उत्तर आलें, असें गृहीत धरणें चूक ठरलें. १९९८ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंतील विल्यम चेस्विक आणि हॅल बर्च यांनीं रोजच्या रोज लक्षावधि दिशांनीं अशीं पाकिटें सोडून इंटरनेटचे नकाशे काढण्यास प्रारंभ केला. १९९९ सालीं युगोस्लाव्हियावर बाँबहल्ले होत असतांना त्या देशाकडे जाणाऱ्या वाटांचे त्यांनीं काढलेले नकाशे प्रसिद्ध आहेत. वीज तोडली गेली कीं नकाशावरील नाकीं नाहींशीं होत. दूर अमेरिकेंत बसून, केवळ उत्तर यावयाचें थांबलें यावरून, एका देशावर ओढवलेला अंधार त्यांस पाहतां आला.

हिंदुस्थानच्या वाट्यास या साधनाचा जो अनुभव आला, तोहि विचार करण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें येथें सर्वसामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. १९९८ नंतर खाजगी कंपन्यांसहि परवानगी मिळाली. प्रत्येक कंपनीनें परदेशाशीं आपापला दुवा जोडला. पण शेजारच्या कंपनीशीं येथल्या येथें दुवा जोडण्याची नीट सोय नव्हती. त्यामुळें मुंबईंतील एका कंपनीच्या ग्राहकानें मुंबईंतीलच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास धाडलेलें पाकीट पुष्कळदां समुद्रापार जाऊन परत येई. गिरगांवांतून दादरला जावयाचें, आणि वाट मात्र सातासमुद्रांपलीकडून!

ग्राहकास हें कळावें कसें? पाकिटावर शिक्का नव्हता. पण ट्रेसरूटच्या यादींत परदेशांतील नाक्यांचीं नांवें दिसत, आणि नांवें नसलीं तरी वेळेचा आंकडा खोटें बोलत नसे. काचेच्या तंतूंतून प्रकाश एका सेकंदांत सुमारें २,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या सहस्रांशांत २०० किलोमीटर. मुंबई ते लंडन हें सरळ अंतरच सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. तेव्हां लंडनहून उत्तर यावयाचें तर निदान ७२ सहस्रांश सेकंद लागणारच. कोणत्याहि यंत्रास त्यांत काटछांट करतां येणार नाहीं. उलट, गांवांतल्या गांवांत जाणाऱ्या पाकिटास दोन-चार सहस्रांश पुरे असतात. दादरचें उत्तर येण्यास रोज दोनशें-अडीचशें सहस्रांश लागत असतील आणि मधल्या नाक्यांचीं नांवें परकीं असतील, तर तें कोठें फिरून आलें याविषयीं फारशी शंका उरत नाहीं.

या हेलपाट्यानें वेळ जाई, समुद्राखालील तारेचें भाडें पडे, आणि घरचा व्यवहार परक्यांच्या नाक्यांतून जाई. १९९९ नंतर अनेकांनीं दाखवून दिलेल्या या उणिवेवर उपाय म्हणून २००३ सालीं निक्सी या नांवाची संस्था स्थापन झाली. देशांतील कंपन्यांनीं आपापसांतील पाकिटें येथल्या येथें एकमेकांस द्यावींत, यासाठीं तिनें नॉयडा, मुंबई, चेन्नई व कोलकाता येथें देवाणघेवाणीचीं ठिकाणें उभारलीं.

वाट पाहतां येणें किती अगत्याचें आहे, हें २००८ सालच्या आरंभींच्या दोन घटनांनीं पुन्हा सिद्ध केलें. ३० जानेवारीस ईजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक समुद्राखालील दोन मोठ्या तारा तुटल्या. हिंदुस्थानचें पश्चिमेकडचें दळणवळण एका दिवसांत निम्म्याखालीं आलें, आणि पुष्कळसा व्यवहार पूर्वेकडून, पॅसिफिक महासागर ओलांडून नेण्यांत आला. बॅरननें कल्पिलेली आपोआप वाट बदलण्याची शक्ति येथें उपकारक ठरली. पुढें महिना लोटला नाहीं तोंच, २४ फेब्रुवारीस, त्याच शक्तीची दुसरी बाजू दिसली. पाकिस्तानांत यूट्यूब बंद करण्याच्या हुकुमावरून तेथील एका कंपनीनें, यूट्यूबची वाट आमच्याकडून जाते, अशी खोटी ग्वाही आपल्या जाळ्यांत फिरविली. ती ग्वाही देशाबाहेर सुटली. जगांतील नाक्यांनीं तिच्यावर विश्वास ठेविला, आणि सुमारें दोन तास जगभरचीं पाकिटें यूट्यूबऐवजीं त्या आडवाटेस लागलीं. पारावरच्या एका म्हाताऱ्यानें चुकीची दिशा सांगितली, आणि साऱ्या गांवांनीं ती प्रमाण मानून पुढें सांगितली, असा हा प्रकार. अशा वेळीं चूक कोठें झाली हें पाहण्यासाठीं जीं साधनें हातीं घ्यावीं लागतात, त्यांत हें एक प्रमुख होय.

मात्र या साधनाच्या मर्यादाहि ओळखल्या पाहिजेत. तें जातांनाची वाट दाखवितें, परतीची नव्हे. मधलें एखादें नाकें उत्तर देण्यास हयगय करतें. कारण पाकिटें पुढें धाडणें हें त्याचें मुख्य काम, वार्ता लिहिणें हें दुय्यम. त्यामुळें मधल्या एका ओळीवर वेळेचा आंकडा फुगलेला दिसला, तर तेवढ्यावरून त्या नाक्यास दोष देणें अन्यायाचें होय. पुढच्या ओळींवर आंकडा पुन्हा उतरला असेल, तर नाकें केवळ उत्तर देण्यांत सावकाश आहे असें समजावें. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांत पाकीट कधीं बोगद्यांतून जावें तसें जातें, आणि आंतलीं नाकीं यादींत दिसतच नाहींत. शिवाय गर्दी वाटून घेण्याकरितां नाकीं दोन समांतर वाटांवर पाकिटें विभागून धाडतात, आणि कोणतें कोणत्या वाटेनें धाडावें हें त्यावरील दाराच्या क्रमांकावरूनहि ठरवितात. जेकबसनची आज्ञावली प्रत्येक पाकिटाचा दार-क्रमांक बदलीत असे. तेव्हां तिसरें पाकीट एका वाटेनें, चौथें दुसरीनें जाई, आणि यादींत अशी एक वाट तयार होई कीं जिच्यावरून एकहि पाकीट कधीं गेलेलें नाहीं. २००६ सालीं पॅरिसमधील संशोधकांनीं ही चूक दाखवून दिली आणि क्रमांक स्थिर ठेवून मोजण्याची सुधारलेली रीत सुचविली.

या साऱ्या इतिहासांत लक्षांत घेण्यासारखी मुख्य गोष्ट एकच. जाळ्यांतील वाट ज्ञात होते ती नाक्यांच्या कर्तबगारीवरून नव्हे. आपल्या हातून पाकीट पुढें गेलें नाहीं, हें तीं प्रामाणिकपणें सांगतात म्हणून. १९८१ सालीं हें सांगणें ऐच्छिक होतें. पुढें त्याचें महत्त्व पटल्यावर जून १९९५ च्या नियमांत तें राऊटरांस सक्तीचें करण्यांत आलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पत्त्यांची जी नवी पद्धति मांडली गेली, तींत आयुर्मर्यादेचें नांवहि बदलून ‘टप्प्यांची मर्यादा’ या अर्थाचें करण्यांत आलें, आणि जें व्यवहारांत आधींच झालें होतें तें नांवांतहि उतरलें. तरीहि कित्येक नाकीं आज गप्प राहतात. आपली आंतली रचना परक्यास कळूं नये, शत्रूनें तिचा दुरुपयोग करूं नये, हीं कारणें सांगितलीं जातात, आणि तीं सर्वस्वीं खोटीं नाहींत. परंतु प्रत्येक जण गप्प बसला, तर संदेश उशिरा कां आला, तो कोणाच्या दारावरून गेला, कोणी त्यास आडवाटेस लाविलें, हें विचारण्याचा मार्ग सामान्य मनुष्यास उरणार नाहीं. मग जाळ्याचे मालक सांगतील तेवढेंच खरें मानावें लागेल.

आजहि एखाद्या खेड्यांतील विद्यार्थी संगणकावर एक शब्द टंकून बसला, तर एकामागून एक ओळी उमटूं लागतात: प्रथम घरांतलें नाकें, मग तालुक्याचें, मग मुंबईचें, मग समुद्रापलीकडचें. ज्यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं आणि ज्यांस त्याच्यापासून कांहीं मिळावयाचें नाहीं, अशीं तीं दूरदूरचीं यंत्रें त्यास आपापला पत्ता कळवितात. मधून एखादी तारका येते. तिच्यापुढील ओळीची तो वाट पाहतो, आणि बहुधा ती येते.